बास्केटबॉलविषयीचे बोल आणि त्यांची पारख

आमच्या जिल्ह्यातील एखाद्या जत्रेत कुस्त्यांचा फड पाहिलेल्या मनुष्यास निवेदक म्हणजे कोण, हे सांगावे लागत नाही. हलगी कडाडत असते, दोन मल्ल आखाड्याच्या मध्यभागी एकमेकांस अजमावीत असतात, आणि इकडे निवेदक पल्लेदार आवाजात हा पठ्ठा कोणत्या तालमीचा, त्याचा वस्ताद कोण, गतवर्षी त्याने कोणास अस्मान दाखविले, हे सारे सांगत असतो. निवेदक जाणता असला म्हणजे ज्याने जन्मात लंगोट कसला नाही अशा प्रेक्षकासही डाव दिसू लागतो. आणि तो नुसताच तोंडाळ असला म्हणजे कुस्ती राहते बाजूस आणि देणगीदारांची नावेच तेवढी कानांवर आदळत राहतात. खेळणे ही एक विद्या आहे आणि खेळाविषयी बोलणे ही दुसरी. पहिलीचा कस आखाड्यात लागतो. दुसरीचा कस ऐकणाऱ्यानेच लावावयाचा असतो. हा कस लावण्यास आमचे विद्यार्थी शिकले आहेत काय, हा प्रश्न आम्ही या लेखात वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रश्न सुचण्याचे कारण असे. अलीकडे वरच्या वर्गांतील कित्येक मुलांच्या, आणि काही मुलींच्याही, कानांत अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलविषयीचे पॉडकास्ट घुमत असतात. ज्या वडील मंडळींस हा शब्द अपरिचित असेल त्यांच्याकरिता सांगतो, की पॉडकास्ट म्हणजे मोबाइलवर हवे तेव्हा ऐकता येणारी ध्वनिमुद्रित संभाषणमाला होय. रेडिओवरील भाषण ठरल्या वेळी होते आणि वाऱ्यावर विरून जाते. पॉडकास्ट पुस्तकासारखा कपाटात राहतो व वाचकाने कोणत्याही पानावर उघडावा तसा श्रोत्यास कोठूनही उघडता येतो. या नव्या छंदाविषयी पालकांत दोन मते आढळतात. कोणी म्हणतात, ही निव्वळ वेळेची नासाडी आहे. दुसरे म्हणतात, असू द्या, तेवढेच मुलाचे इंग्रजी सुधारेल. आमच्या मते ही दोन्ही मते अपुरी आहेत. कारण पॉडकास्ट हे एकाच मुशीतून निघालेले नाणे नव्हे. त्यांत चोख रुपया आहे तसा खोटाही आहे; आणि दोन्हींचा आवाज वरवर ऐकणाऱ्यास सारखाच लागतो.

आमच्यासारख्या शाळेने या खेळाकडे परकेपणाने पाहणे योग्य होणार नाही. बास्केटबॉलचा जन्मच मुळी धर्मशिक्षण घेतलेल्या एका शिक्षकाच्या हातून झाला. जेम्स नेस्मिथ यांनी माँट्रियल येथे ईश्वरविज्ञानाचा अभ्यास पुरा केला होता. पुढे अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या विद्यालयात शारीरिक शिक्षण देत असता, हिवाळ्यात घरात कोंडल्या गेलेल्या तरुणांसाठी त्यांनी १८९१ च्या डिसेंबरात हा खेळ योजिला. फळांच्या दोन टोपल्या दहा फूट उंचीवर ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले, एवढेच त्याचे भांडवल. मिशनरी आणि वाय. एम. सी. ए. यांच्या द्वारे तो हिंदुस्थानात आला. मुंबईच्या नागपाड्यात अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात नेबरहुड हाऊस ही लोकसेवेची संस्था काढली. त्याच मिशनचे कार्य आमच्या सोलापुरातही दीर्घ काळ चालत आले आहे. त्या नागपाड्याच्या गल्ल्यांतून हिंदी संघाचे कर्णधार अब्बास मुंतसिर पुढे आले आणि १९७० साली अर्जुन पुरस्काराचे मानकरी झाले. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारताच्या महिला संघाचे नेतृत्व केले. तेव्हा हा खेळ आमचा आहे. त्याविषयीचे बोलणेही आम्ही पारखून घेतले पाहिजे.

आता हे बोलणे ऐकावेच कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास उत्तर सरळ आहे. अमेरिकेतील एन. बी. ए. या व्यावसायिक मंडळात तीस संघ आहेत. प्रत्येकाचे वर्षास ८२ सामने, म्हणजे बादफेरीपूर्वीच एकंदर १,२३० सामने होतात. त्यांतील बहुतेक तेथे सायंकाळी खेळले जातात, म्हणजे आमच्याकडे ती पहाटेची किंवा सकाळच्या शाळेची वेळ. हे सारे पाहणे कोणासही शक्य नाही, व विद्यार्थ्यास तर ते इष्टही नाही. ज्याने पाहिले त्याच्या तोंडून ऐकणे हा मार्ग मग स्वाभाविकच आहे. परंतु दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावयाचे ठरले म्हणजे तो डोळा निर्मळ आहे की नाही, हे आधी पाहावे लागते.

सध्या प्रसिद्ध असलेल्या पॉडकास्टांचे आम्ही स्थूलमानाने तीन वर्ग करतो.

पहिला वर्ग खेळाडूंचा. स्वतः मैदान गाजविलेले, किंबहुना अद्याप गाजवीत असलेले, खेळाडू ध्वनिक्षेपकापुढे बसून बोलतात. लेब्रॉन जेम्स यांनी जे. जे. रेडिक यांच्यासह २०२४ च्या मार्चमध्ये सुरू केलेला ‘माइंड द गेम’ हा या वर्गातील उत्तम नमुना होय. एखादा डाव कसा रचला जातो, चेंडू हाती असलेल्या खेळाडूच्या मनात त्या पळभरात कोणते विचार येऊन जातात, हे त्यांच्यासारखे दुसरा कोण सांगणार? ज्याचे जळते त्यालाच कळते. हा या वर्गाचा मोठाच गुण आहे. पण दोषही त्याच मुळातून उगवतो. जो अद्याप खेळत आहे तो स्वतःच्या संघाचे दोष, सहकाऱ्यांच्या चुका, मालकाचे व्यवहार यांविषयी मोकळेपणाने बोलणार नाही. बोलू शकणारही नाही. याच पॉडकास्टमधील रेडिक महाशय त्याच वर्षी जूनमध्ये जेम्स यांच्याच लॉस एंजेलिस लेकर्स संघाचे प्रशिक्षक झाले, आणि ते दोघांचे संभाषण तेथेच थांबले. पुढे २०२५ साली स्टीव्ह नॅश हे त्या जागी बसले. यात कोणाचा अपराध नाही. परंतु जेथे बोलणारे दोघे उद्या एकाच संघाचे चाकर व्हावयाचे असतात, तेथे परखड परीक्षणाची अपेक्षा करणे म्हणजे वधूच्या मामास वधूचे गुणदोष विचारण्यासारखे आहे.

ड्रेमंड ग्रीन यांचे उदाहरणही ध्यानात घेण्याजोगे आहे. २०२२ च्या अंतिम स्पर्धेत ते गोल्डन स्टेट संघाकडून खेळत होते आणि सामन्यानंतर लगेच आपल्या पॉडकास्टवर त्याच सामन्याची चर्चाही करीत होते. खेळावे की बोलावे, असा वाद त्यावरून माजला. अखेरीस त्यांच्या संघाने बॉस्टनवर चार विरुद्ध दोन सामन्यांनी विजय मिळविला, आणि टीकाकारांची तोंडे बंद झाली. पण जिंकण्याने वादाचा निकाल लागला असे आम्हांस वाटत नाही. वादी, साक्षीदार आणि न्यायाधीश या तिन्ही खुर्च्यांवर एकच मनुष्य बसला म्हणजे तो निकाल ऐकण्यास गोड वाटला तरी त्यावर विसंबता येत नाही.

दुसरा वर्ग पत्रकारांचा व जाणत्या रसिकांचा. बिल सिमन्स हे या वर्गातील फार मोठे नाव. त्यांची स्मरणशक्ती दांडगी, जुन्या सामन्यांचे दाखले जिभेवर, आणि बोलणे मित्रांच्या बैठकीतल्यासारखे. नव्या श्रोत्यास खेळाचा इतिहास त्यांच्या गप्पांतून आपोआप कळत जातो. परंतु ते बॉस्टन संघाचे भक्त आहेत. ती भक्ती ते लपवीत नाहीत, हा त्यांचा प्रामाणिकपणा. तरी भक्ताच्या तोंडून ऐकलेले दैवताचे वर्णन आपण भक्ताचे म्हणूनच ऐकले पाहिजे. शिवाय कोणता खेळाडू कोणत्या संघात जाईल, कोणाच्या बदल्यात कोण येईल, या तर्कटांतच या वर्गातील मंडळींचा पुष्कळ वेळ जातो. झॅक लो यांचे बोलणे अधिक नेमके. ते डावपेचांत खोल शिरतात व समोरच्यास बोलू देतात. त्यांची उणीव एवढीच, की श्रोत्यास पुष्कळ काही आधीच ठाऊक आहे असे ते धरून चालतात. नवशिक्याची अवस्था तेथे पहिले पुस्तक न वाचता एकदम पाचव्या वर्गात बसविलेल्या मुलासारखी होते.

या वर्गाचे खरे तेज दिसते ते निर्भय शोधात. २०२५ च्या सप्टेंबरात पाब्लो टोरे यांनी आपल्या पॉडकास्टमधून एक प्रकरण उजेडात आणिले. क्वाय लिओनार्ड या खेळाडूस एका कंपनीकडून २ कोटी ८० लाख डॉलरांचा जाहिरातीचा करार मिळाला होता, आणि त्या कंपनीत त्याच्या संघाच्या मालकाने पैसा गुंतविला होता. वेतनावरील मर्यादा चुकविण्याची ही आडवाट तर नव्हे, असा प्रश्न टोरे यांनी कागदपत्रांच्या आधारे उपस्थित केला. संघाने आरोप नाकारला. मंडळाने चौकशी आरंभिली. आरोप खरा की खोटा हे ठरविण्याचे काम आमचे नव्हे. आम्हांस सांगावयाचे ते इतकेच, की असा प्रश्न कोणताही खेळाडू आपल्या पॉडकास्टवर विचारणार नाही. त्याकरिता बाहेर उभा असलेला, कागद वाचणारा आणि कोणाचे मीठ न खाल्लेला मनुष्य लागतो.

तिसरा वर्ग विश्लेषकांचा. बेन टेलर यांचा ‘थिंकिंग बास्केटबॉल’ किंवा नेट डंकन आणि डॅनी लेरू यांचा ‘डंक्ड ऑन’ ही यांची उदाहरणे. येथे किस्से थोडे, हशा त्याहून थोडा. पण आकडे, चित्रफिती आणि कारणमीमांसा भरपूर. यांचे बोलणे पुष्कळदा रुक्ष असते हे आम्हांस मान्य आहे. आकड्यांच्या राशीत खेळाडू हाडामांसाचा मनुष्य आहे, त्यास घरची विवंचना असते, त्याचा घोटा दुखत असतो, याचा विसर पडण्याचा धोका येथे आहे. तथापि विद्यार्थ्यास विचार करण्याची शिस्त लागावयाची तर ती याच वर्गाकडून, असे आमचे मत आहे.

हे मत एका दृष्टांताने स्पष्ट करितो. सामन्याची शेवटची काही पळे उरली आहेत. एका नामांकित खेळाडूने चेंडू टोपलीकडे टाकला व तो हुकला. अशा वेळी सवंग बोलणारा म्हणतो, “याच्या अंगी धैर्यच नाही, मोक्याच्या क्षणी हा नेहमीच कच खातो.” खेळाडू म्हणतो, “त्या क्षणी पाय जड झाले होते. मी अशा प्रसंगातून गेलो आहे.” पत्रकार म्हणतो, “गेल्या तीन सामन्यांत त्यास विश्रांती मिळाली नव्हती. प्रशिक्षकास मी त्याचे कारण विचारिले.” आणि विश्लेषक म्हणतो, “कोपऱ्यातील बचाव करणारा एक पाऊल आत सरकला होता. त्यामुळे चेंडू अर्ध्या पळाने उशिरा हाती आला व नेम साधण्यास अवसर उरला नाही.” पहिल्या वाक्याने आम्हांस काय मिळाले? एका अनोळखी मनुष्याविषयी तुच्छता. उरलेल्या तिघांनी प्रत्येकी थोडे थोडे ज्ञान दिले. आणि चौथ्याने असे काही दिले, की उद्या आपल्या मैदानावर आपण कोपऱ्यात उभे असू तेव्हा ते पाऊल आपणांस आठवेल.

हसतखेळत बोलणाऱ्यांस आम्ही कमी लेखीत नाही. टोरांटो येथे २००६ साली काही मित्रांनी सुरू केलेली गप्पांची बैठक पुढे टेलिव्हिजनवर गेली, आणि २०१९ पासून ‘नो डंक्स’ या नावाने पुन्हा पॉडकास्ट झाली. यांच्या विनोदात दंश नाही, म्हणून ते दीर्घ काळ टिकले. परंतु त्यांचे अनुकरण करणारे कित्येक असे आहेत की ज्यांच्या बैठकीत विनोद म्हणजे कोणाची तरी फजिती, आणि मत म्हणजे आरडाओरड. उथळ पाण्याला खळखळाट फार. रोज बोलावयाचे, तासाहून अधिक बोलावयाचे, आणि सामना तर अवघ्या ४८ मिनिटांचा. मग जे सांगण्यासारखे आहे ते संपल्यावर उरलेला वेळ भरावयाचा कशाने? या ठिकाणीच अतिशयोक्ती व निंदा आत शिरतात.

आता ज्या दोषाविषयी पालकांनी विशेष सावध असावे तो सांगतो. हे पॉडकास्ट ऐकण्यास पैसा पडत नाही. मग बोलणाऱ्यांचा चरितार्थ कशावर चालतो? मुख्यतः जाहिरातींवर, आणि त्या जाहिरातींत पैजेच्या धंद्याचा वाटा मोठा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिलेल्या निर्णयानंतर तेथील राज्यांस खेळांवरील पैजांस मोकळीक देण्याची मुभा मिळाली, आणि तेव्हापासून सामन्याचे परीक्षण व पैजेचा भाव ही दोन्ही एकाच तोंडातून, एकाच स्वरात बाहेर पडू लागली. त्याचे फळ खेळासही भोगावे लागले. २०२४ च्या एप्रिलमध्ये टोरांटो संघाचा जाँटे पोर्टर हा खेळाडू, पैज लावणाऱ्यांस आतली माहिती पुरविल्याबद्दल व पैजेकरिता सामन्यातून मुद्दाम लवकर बाहेर पडल्याबद्दल, एन. बी. ए. मधून जन्माचा बहिष्कृत झाला. आमच्या देशाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा केला. कायदा झाला, पण परदेशी बोल कानांवर येण्याचे थांबलेले नाहीत. ज्या गिरणगावाने मटक्याने उठलेले संसार पाहिले आहेत, त्यास याहून अधिक सांगण्याची गरज नसावी. मुलाच्या कानांत काय चालले आहे हे पालकांनी एकदा तरी त्याच्याजवळ बसून ऐकावे. इंग्रजी न समजले तरी मुलास विचारावे, “बाळ, हा आता काय विकतो आहे?” या एका प्रश्नाने पुष्कळ काम होईल.

येथे आम्हांस खेळाच्या जनकाचीच आठवण होते. नेस्मिथ यांनी १९३९ साली, म्हणजे ज्या वर्षी त्यांचे निधन झाले त्याच वर्षी, न्यूयॉर्क येथील रेडिओवर आपल्या खेळाची जन्मकथा सांगितली होती. त्या काही मिनिटांत त्यांनी स्वतःची थोरवी गायिली नाही. पहिल्याच सामन्यात मुले एकमेकांवर कशी तुटून पडली, लाथाबुक्क्या कशा झाल्या, आणि त्यातून चेंडू घेऊन धावू नये हा नियम आपणांस कसा सुचला, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. आपल्या फसलेल्या पहिल्या प्रयत्नाची कथा जो सांगू शकतो, त्याच्या बोलण्यावर विश्वास बसतो. आणि तो नियमही पाहा: चेंडू एकट्याने घेऊन पळावयाचे नाही, दुसऱ्यास द्यावयाचा! आमच्या मते बोलणाऱ्यांसही हाच नियम लावावा. जो एकटाच बोलत सुटतो, दुसऱ्यास वाक्य पुरे करू देत नाही, काल चुकलेले आपले भाकीत आज कबूल करीत नाही, त्याने चेंडू काखेत घेऊन धूम ठोकली आहे असे समजावे.

तेव्हा आमचा अभिप्राय थोडक्यात असा. खेळाचे अंतरंग कळण्यास खेळाडूस ऐकावे, पण त्याच्याच संघाविषयी नव्हे. व्यवहाराची सत्यता कळण्यास पत्रकारास ऐकावे, पण तर्कटे सोडून. आणि बुद्धीस वळण लागण्यास विश्लेषकास ऐकावे, पण खेळाडू हा मनुष्य आहे हे न विसरता. एकाच वर्गास धरून राहणारा श्रोता एका डोळ्याने पाहणारा ठरेल. या सर्वांवर अखेरची कसोटी एकच: ऐकून झाल्यावर आपणांस मैदानावर पूर्वीपेक्षा अधिक दिसते काय? दिसत असेल तर तो तास सत्कारणी लागला. दिसत नसेल, आणि केवळ दहा नवी नावे व दोन नव्या शिव्या पदरी पडल्या असतील, तर तो तास गेला.

शेवटी एक खंत, आणि तिच्या पोटी एक सूचना. लॉस एंजेलिसच्या राखीव खेळाडूंची नावे तोंडपाठ असणाऱ्या आमच्या एखाद्या विद्यार्थ्यास अब्बास मुंतसिर कोण, शिरीन लिमये कोण, हे विचारले असता तो गप्प राहतो. हा दोष त्याचा एकट्याचा नाही. त्याच्या भाषेत, त्याच्या कानी, ही नावे कोणी घातलीच नाहीत. एके काळी क्रिकेटविषयीही असेच होते. इंग्रजीवाचून त्या खेळाचे वर्णन होणे नाही, अशी समजूत होती. पुढे स्वतः महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेले बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून मराठीत समालोचन करू लागले, आणि घरोघरी रेडिओभोवती बसलेल्या मंडळींस तो खेळ आपल्या भाषेत दिसू लागला. बास्केटबॉलविषयी हे काम कोणी करावे? आम्ही म्हणतो, विद्यार्थ्यांनीच करावे. वर्गावर्गांचे सामने आपल्या मैदानावर होतच असतात. त्यांतील एका सामन्याविषयी दोघातिघांनी मिळून दहा मिनिटे मराठीत बोलावे व ते मोबाइलवर मुद्रित करावे. कोणाची फजिती करू नये. चेंडू का हुकला ते सांगावे. आपली चूक आपणच आधी बोलून दाखवावी. शब्द अडतील, तर नवे घडवावे. असे एकदा करून पाहणाऱ्यास समजेल, की चांगले बोलणे किती कठीण आहे. आणि मग दुसऱ्याच्या बोलण्यातील खरे-खोटे त्यास कोणी शिकवावे लागणार नाही.

सायंकाळी ऊन उतरल्यावर मैदानावर चेंडू आपटल्याचा आवाज येऊ लागतो. तो कानी पडताच कानांतील यंत्र काढून खिशात ठेवणारा विद्यार्थी आम्हांस पाहावयाचा आहे. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे खरेच. पण बास्केटबॉलपुरते बोलावयाचे तर ऐकावे थोडे आणि खेळावे फार, एवढी पुस्ती आम्ही तीस जोडितो.